पाय धरणारा

“पाय धरायला घरातलाच माणूस लागतो,” असं मी म्हणालो, तेव्हा ओसरीवर बसलेले पुरुष जमिनीकडे बघू लागले. मला ते नवं नव्हतं. ज्या ज्या घरात मी खिळा घेऊन गेलो, तिथं हे झालंच. जिच्याबरोबर संसार केला तिचे पाय आवळून धरायचे आणि दुसऱ्यानं तिच्या टाचेत खिळा मारायचा, हे कोणी हौसेनं करत नाही. शेवटी म्हातारा तुळशीराम आपल्या पोराला म्हणाला, “ज्ञानू, ऊठ. तुझी बायकू, तूच धर.” ज्ञानू उठला. विशीतलं पोर ते, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं.

उंबरजे गावातली गोष्ट. चैत्रातली भर दुपार होती. ज्ञानूची बायको ठकू पहाटे बाळंत झाली, मुलगा झाला. दिवस वर आल्यावर तिला झटके सुरू झाले, दातखीळ बसली आणि ऊन अंगणात उतरेपर्यंत ती गार पडली. मला निरोप मिळाला तेव्हा मी भात्यापुढं होतो. हातातला फाळ तसाच निखाऱ्यात टाकला आणि दोन कोस चालत आलो.

मी येसू लोहार. विळे, खुरपी, फाळ हे पोटाचं काम. पण भागात नाव झालं ते खिळ्यानं. आमच्या डोंगरात तेव्हा सगळे मानायचे, की बाळंतपणात मेलेली बाई अळवंत होते. ती परत येते. आधी स्वतःच्याच तान्ह्याचं रक्त पिते, मग आळीतल्या ओल्या बाळंतिणींकडे वळते. तिला अडवायचं तर तिरडी उचलायच्या आधी दोन्ही टाचांत चार बोटं लांबीचा खिळा मारायचा आणि स्मशानापर्यंत वाटेवर राळ्याचे दाणे पेरत जायचे, म्हणजे ते वेचत ती वाटेतच अडकते. आज मी “मानायचे” असं म्हणतो. तेव्हा माझ्यासमोर कोणी असं म्हटलं असतं तर हातोडा घेऊन अंगावर गेलो असतो.

हे काम मला मामानं शिकवलं. मामा बोलावलं तर जायचा, नाही बोलावलं तर घोंगडी पांघरून पडायचा. मी तसा नव्हतो. कुठं कोण अडली आहे अशी कुणकुण लागली, तरी मी पिशवी भरून तयार असायचो. बाजारात मला बघून पोटुशी बाई पदर ओढून दुसऱ्या रांगेत जायची. मला वाटायचं, हा मान आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली माझी गत.

त्या उतावळेपणाला कारण होतं. माझी बायको तानूबाई पहिल्याच बाळंतपणात गेली. मामा खिळा घेऊन दारात उभा राहिला आणि मी त्याला आत येऊ दिलं नाही. तिच्या पायाला मी कधी काटा मोडू दिला नव्हता, खिळा कसा मारू देणार? तिला तशीच नेली. बाराव्या दिवशी मुलगी गेली. मामा एवढंच म्हणाला, “आलती. घेऊन गेली.” त्या दिवसापासून मी तानूचं नाव घेणं सोडलं. अकरा वर्षं मी माझ्या मेलेल्या बायकोचा द्वेष केला आणि दुसऱ्यांच्या मेलेल्या बायकांना खिळे मारले. दुसऱ्या कोणाचं लेकरू असं जाऊ नये, हीच इच्छा होती. त्यात खोट नव्हती.

ज्ञानूच्या घरातही घाई लेकरासाठीच होती. खिळा बसल्याशिवाय गावातली कोणतीही बाई आईवेगळ्या तान्ह्याला छातीशी घ्यायची नाही. ज्याला आपण पाजू, त्याच्या मागोमाग अळवंत आपल्या घरी येईल ही धास्ती. शेजारच्या दोघी लेकुरवाळ्या अंगणापलीकडं उभ्या होत्या, पोर आत रडत होतं आणि त्यांचे पदर भिजत होते. पण उंबरा कोणी ओलांडत नव्हतं. त्या माझी वाट बघत होत्या.

मी आत गेलो आणि थबकलो. कोपऱ्यात पोराला मांडीवर घेऊन सुईण बसली होती, अंजिराबाई. आमच्यात रीत अशी, की बाळंतीण गेली की सुईणीनं मागच्या दारानं निघायचं, ओढ्यावर डोक्यावरून आंघोळ करायची आणि तिरडी हलल्यावरच गावात यायचं. सुईण गेल्यावर खिळेवाला येणार. ती मला कामावर कधी बघत नसे, मी तिला. त्या दिवशी पोराला धरायला कोणीच तयार नव्हतं, म्हणून ती बसून राहिली होती.

“मावशी, तू अजून हितंच?” मी म्हणालो.

“ह्याला कुटं टाकू?” ती म्हणाली. “तू तुजं काम कर. मी तिकडं तोंड करून बसते.”

आणि ती खरंच भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिला मावशी म्हणायचो. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी बाई. आसपासच्या चार गावांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती.

ज्ञानूला मी पाय धरायला शिकवलं. घोट्याच्या वर दोन्ही हातांनी आवळायचं, मान वळवायची, आणि जे दिसेल ते कधी कोणापाशी बोलायचं नाही, बायको दुसरी केली तर तिच्यापाशीही नाही. बोललं तर अळवंत बोलणाऱ्याच्या घराचा माग काढते. त्यानं मान हलवली. त्यानं घोटे इतके आवळले, की ठकूचे पायच हलल्यासारखे वाटले. मी डाव्या टाचेवर खिळा टेकवला आणि मारला. माझा हात साफ होता. एका घावात काम व्हायचं.

रक्त आलं.

मामानं मला एक गोष्ट शिकवली होती ती फक्त खिळेवाल्यांना ठाऊक असे. बहुतेकींचं रक्त येत नाही. एखादीचं येतं. जिचं येतं ती आधीच फिरली, अळवंत झाली, म्हणूनच तिच्या अंगात रक्त खेळतं. तिच्यासाठी माहेरच्यांची वाट बघायची नाही, आंघोळ घालायची नाही, वर कापड टाकून दुसरा खिळा मारायचा आणि उचलायची. अशा मला अकरा वर्षांत तीन भेटल्या होत्या. तिन्ही वेळा मी घटकाभरात चिता पेटवायला लावली होती. त्या रात्री मला शांत झोप लागत असे, कारण मी एका लेकराला वाचवलं असं वाटायचं.

“बांधा,” मी बाहेर आवाज दिला. “घाई करा.” आणि ठकूच्या पायावर घोंगडीचं टोक ओढलं.

“रगात येतंय,” ज्ञानू म्हणाला. इतकं बजावूनही पोर बोललं. “येसूदादा, लई रगात येतंय.”

कोपऱ्यातली अंजिराबाई वळली. तिनं पोराला गोधडीवर ठेवलं, उठून आली आणि घोंगडी बाजूला केली. बघत राहिली. मी तिला म्हणालो की मावशी, तुझं काम संपलं, हे माझं आहे, ही फिरलीय, बाजूला हो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“येसबा,” ती म्हणाली, “मेलेलं कोंबडं कापलंयस कवा?”

“त्याचं काय?”

“रगात येतं का त्याचं?”

उत्तर मला माहीत होतं, पण कोंबडं आणि अळवंत यांचा संबंध माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

“हात लाव,” ती म्हणाली. “रगताला हात लाव.”

अकरा वर्षांत मी त्या रक्ताला कधी बोट लावलं नव्हतं. लावायचं नाही अशीच शिकवण होती. ओसरीवरून तुळशीराम विचारत होता की बांबू आत आणायचे का. मी दोन बोटं लावली. रक्त कोमट होतं, आणि माझ्या बोटांवरून थेंबाथेंबानं खाली जात होतं, जसं माझ्या स्वतःच्या हाताला हातोडा लागला की जातं.

मी पिशवीतून पकड काढली. तोवर तुळशीराम दारात आला होता. पकड बघताच तो काय ते समजला. मारलेला खिळा काढायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“येसू, तू तिला मोकळी करतुयास,” तो म्हणाला. “माज्या नातवाला काय झालं तर तुज्या उरावर बसंन मी.”

तो दुष्ट म्हणून बोलत नव्हता. अकरा वर्षांपूर्वी मी मामाला दारात अडवलं, त्याची फळं मी भोगली होती आणि ही कथा मीच गावोगाव सांगितली होती. माझीच शिकवण तो मला ऐकवत होता. आत पोर रडत होतं आणि मला माझी मुलगी दिसत होती. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पण खिळा उपटताना मला ठकू जिवंत आहे अशी खात्री नव्हती. अळवंत मोकळी सुटेल ही भीती तितकीच होती. तरी हात थांबला नाही, कारण ती कोमट ओल अजून बोटांना लागलेली होती.

खिळा निघाला तसा तिचा पाय गुडघ्यात आखडला.

ज्ञानू मागच्या मागं पडला. तुळशीराम दार सोडून अंगणात गेला आणि तिथं जी पळापळ झाली तिचा आवाज मला अजून आठवतो. क्षणात सगळी आळी रिकामी. अंजिराबाई मात्र कामाला लागली. टाच तिनं राख दाबून बांधली. माझ्याकडून विटा तापवून घेतल्या, कापडात गुंडाळून ठकूच्या दोन्ही अंगांना ठेवल्या, सुंठ उगाळून तळव्यांना चोळली. कांदा फोडून नाकाशी धरला. ती सांगत होती आणि मी निमूट ऐकत होतो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ठकूच्या घशातून एक आवाज आला, जनावर विव्हळतं तसा. तो ऐकून ज्ञानू तिच्या पोटावर डोकं ठेवून रडायला लागला आणि अंजिराबाईनं त्याला ढकलून दिलं, म्हणाली, “तिला दम घेऊ दे, मेल्या.”

दोन्ही लेकुरवाळ्या केव्हाच पळाल्या होत्या. मग अंजिराबाईनं पोराला उचललं आणि ठकूच्याच छातीला लावलं. ठकू शुद्धीत नव्हती, पण पोरानं चाचपडत धरलं आणि ते प्यायला लागलं. मी ते बघत उभा होतो. जिनं लेकराचं रक्त प्यायचं म्हणून मी खिळा मारला, तिचंच दूध लेकरू पीत होतं.

तुळशीराम बैलगाडी द्यायला तयार नव्हता. ज्ञानूनं बापाला न विचारता बैल जुंपले. तालुक्याला दवाखाना होता. तिकडं ते तिघं गेले. ठकू वाचली हे आताच सांगून टाकतो. डाव्या पायानं लंगडायची, पण पुढं तिला आणखी दोन मुलं झाली.

गाडी गेल्यावर मी आणि अंजिराबाई ओढ्यावर गेलो. ऊन कलतं झालं होतं. हात धुऊन झाले तरी मी धूतच होतो. तिनं विचारलं की हे तुला कोणी शिकवलं, रक्त आलं तर घाई करायची. मी सगळं सांगितलं. मामाचा नियम, तोंड बंद ठेवायची शपथ, सगळं. खिळेवाल्यांबाहेर ते कोणाला सांगायची माझी पहिलीच वेळ होती. मग मी माझ्या मुलीचंही सांगितलं, की खिळा मारू दिला नाही आणि बाराव्या दिवशी तिची आई तिला घेऊन गेली.

“काय पाजत हुतास तिला?” तिनं विचारलं.

“गुळाचं पाणी. कुणी अंगावर घ्यायला तयार न्हवतं.”

“बारा दिस गुळाच्या पाण्यावर ठिवलंस आनि म्हणतोस आईनं न्हेली.”

ती हे रागानं म्हणाली नाही. तिनं जसं घडलं तसं सांगितलं. मी ओढ्याकाठी बसलो आणि अकरा वर्षांनी तानूचं नाव घेतलं. तानू, तानू असं म्हणत रडलो. अंजिराबाई जवळ आली नाही, समजूतही घातली नाही. ती ओल्या दगडावर बसून होती. माझं रडणं थांबलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ती मघापासून काहीतरी मनात जुळवत होती.

मला तिथून उठून जायला हवं होतं. तिच्या मनात काय आहे ते मला तिच्याआधी कळलं.

अंजिराबाईला एकच मुलगी होती, गोकुळा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आईकडं आली होती. अंजिराबाईनंच तिला मोकळं केलं. मूल मेलेलं आलं आणि पाठोपाठ गोकुळाही गार पडली. सुईण म्हणून रीतीप्रमाणं आईलाच मागच्या दारानं बाहेर काढलं आणि ओढ्यावर पाठवलं. खिळा मारायला मी आलो होतो. पाय धरायला तिचा बाप, अंजिराबाईचा नवरा रामजी. या गोष्टीला चार वर्षं झाली होती. रामजी त्यानंतर वर्षाच्या आत गेला. कसला आजार नव्हता, नुसता वाळत गेला.

“येसबा,” ती म्हणाली, “माज्या गोकुळाला न्हेली तवा म्या ह्याच वढ्यावर हुते. आंघूळ करून ईस्तवर तुमी तिला पेटवली हुती. लुगडं सुद्धा पिळलं न्हवतं म्या.”

मी परत पाण्यात हात घातले.

“एवढी घाई कशापायी केली, ते म्या कवा इचारलं न्हाई. म्हनलं, पुरुष मान्सांचं काम.” मग तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. “मीच म्हनले हुते, गेली म्हनून. माज्याच तोंडानं. आता खरं सांग. तिचं रगात आलं हुतं?”

त्या तिघींतली दुसरी गोकुळा होती.

मी लोहार आहे. तापलेलं लोखंड किती वेळ हातात धरता येतं ते मला माहीत आहे. हो म्हटलं असतं तर ती त्या दगडावरून उठली नसती. माझ्या एकट्याचं पाप असतं तर मी बोललो असतो, असं मी आजवर स्वतःला समजावत आलोय. पण “गेली” असं तिनं म्हटलं होतं. हो म्हणणं म्हणजे निम्मा खिळा तिच्या हातात देणं.

“न्हाई,” मी म्हणालो.

“मग घाई?”

“रामजीदाजी म्हनले. म्हनले, तिच्या आईला हे बघवायचं न्हाई, ती यायच्या आत उरका.”

रामजी तापट माणूस. त्यानं बायकोला उभ्या जन्मात गोड शब्द दिला नव्हता, गावाला माहीत होतं. ती हे मानणार नाही असं मला वाटलं.

“आसं म्हनले?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“मला कवा बोलले न्हाईत.”

“पाय धरणाऱ्यानं बोलायचं नसतं,” मी म्हणालो.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आम्ही गावाकडं निघालो.

मी त्यानंतर कोणाला खिळा मारला नाही. पिशवीतले खिळे वितळवून विळे केले. मामाच्या वयाच्या खिळेवाल्यांना मी गाठून रक्ताचं सांगितलं. दोघांनी ऐकलं, बाकीच्यांनी मला ठकूनं धरलंय असं ठरवलं. असो, तो वेगळा भाग.

अंजिराबाई नंतर वीस वर्षं जगली आणि तेवढी वर्षं बायकांना मोकळं करत राहिली. बाळंतीण गार पडली तरी ती आता घर सोडून जायची नाही. दिवसभर बसून राहायची, टाच चिमटायची, विटा तापवायची. कुठं जत्रेत, लग्नात आमची गाठ पडली की शेजारच्या बायकांना माझ्यासमोर सांगायची, माझे मालक तोंडानं फटकळ होते पण जीव लई होता, लेकीची चिता मला बघायला लागू नये म्हणून घाई केली त्यांनी, ह्या येसबालाच विचारा. बायका माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचो, होय, तसंच म्हणाले होते दाजी. म्हातारपणी तिनं रामजीच्या नावानं पाणवठ्यावर एक दगडी कुंडीही बसवली.

ती आता नाही, म्हणून हे सांगतोय. त्या दिवशी गोकुळाच्या टाचेतून रक्त आलं तेव्हा रामजीनं मान वळवली नव्हती. तो बघत होता. तिचे घोटे त्यानं सोडून दिले आणि माझं मनगट धरलं, आणि म्हणाला, “येसबा, जरा दम धर. तिची आई येऊ दे, ती बघंल, मग उचलू.” मी त्याचा हात झटकून टाकला आणि बाहेरच्यांना म्हणालो, बांधा.